खुंटा आणि दांडा : दळणाऱ्या हाताकडून ओवीकडे

१

ओवी म्हणजे जात्यावरचे गाणे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लोकसाहित्याच्या मराठी समीक्षेनेही ते जवळजवळ सिद्ध मानून पुढची वाट धरली. या वाक्यातल्या ‘गाणे’ या शब्दावर पुष्कळ लिहिले गेले. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, सीतेचा वनवास असे ओवीचे विषय तपासले गेले. ‘जात्यावरचे’ या शब्दाकडे मात्र फारसे कोणी थांबले नाही. जाते ओवीची पार्श्वभूमी म्हणून आले, प्रतीक म्हणून आले, मुखपृष्ठावरचे चित्र म्हणून तर हमखास आले. अवजार म्हणून ते क्वचितच आले. त्याचे वजन किती, ते फिरवायला किती जोर लागतो, एका हाताने काय करायचे आणि दुसऱ्याने काय, एका दळणाला वेळ किती जातो, हे प्रश्न साहित्याबाहेरचे ठरले.

हे प्रश्न साहित्याच्या आतले आहेत, असे या लेखात मांडायचे आहे. त्यासाठी मी आधार घेतला आहे तो एका वेगळ्याच हातयंत्राचा : घरात कॉफीच्या बिया दळायच्या ग्राइंडरचा. तुलना वरवर पाहता विषम वाटेल. पण क्रिया तीच आहे. दोन खरबरीत पृष्ठांमध्ये दाणा धरायचा, एक पृष्ठ स्थिर ठेवायचे, दुसरे हाताने फिरवायचे. क्रिया एकच असून एकीतून लाखो गाणी जन्मली आणि दुसरीतून एकही नाही. असे का झाले, याचे उत्तर शोधताना ओवीच्या वाचनात काय सुटले तेही हाती लागते.

२

आधी एक जुना पुरावा पाहू. ओवीचा प्राचीन उल्लेख म्हणून चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा हवाला नेहमी दिला जातो. ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. मात्र त्या ती कोणते काम करताना गातात, हे हवाला देताना पुष्कळदा घाईने ओलांडले जाते. तिथला शब्द ‘कंडन’ असा आहे. कंडन म्हणजे कांडण, उखळ-मुसळाचे काम. दळण नव्हे.

याचा अर्थ त्या काळी जात्यावर ओवी गात नसत असा नाही. एवढेच सिद्ध होते की ओवीचे नाते एका विशिष्ट दगडाशी बांधलेले नव्हते. ते नाते घरातल्या धान्याच्या कष्टाशी होते. मुसळाचा घाव वरून खाली येतो, जाते गोल फिरते. एका कामात ठोका आहे, दुसऱ्यात घरघर आहे. दोन्हींवर ओवी चालली. तेव्हा ‘जात्याच्या फिरण्यातून ओवीची लय जन्मली’ हे आवडते विधान जपूनच करायला हवे.

कॉफीच्या इतिहासातही अशीच जोडी आहे. दाते असलेली हातचक्की घरोघर पोचण्यापूर्वी भाजलेल्या बिया खलात कुटत असत. अरबस्तानातल्या बदाऊनी टोळ्यांमध्ये लाकडी खल-बत्त्यात कॉफी कुटण्याची रीत आजही ठाऊक आहे. कुटणारा तालात कुटतो, खलाच्या काठावर बत्ता आपटून नाद काढतो, आणि तो नाद ऐकून आसपासच्या तंबूंतल्या माणसांना कळते की कॉफी होते आहे, या. तिथे तो खल तालवाद्य म्हणूनही वाजवला जातो. कॉफी कुटण्याला संगीत आहे, याचे कारण तिथे ऐकणारी माणसे गृहीत धरलेली आहेत. हीच कॉफी युरोपातल्या स्वयंपाकघरात लाकडी पेटीच्या चक्कीत गेली आणि तिथे तिच्याभोवती ओवीसारखे गाणे वाढले नाही. अवजार बदलले हे खरे. त्याहून मोठा बदल म्हणजे काम एकट्याचे आणि थोडक्या वेळाचे झाले.

३

माझ्या साताऱ्याच्या घरी असे एक यंत्र आहे. खाली लाकडी पेटी, तिला पीठ पडायला खण, वर पितळी वाटी आणि वाकडा लोखंडी दांडा. वाटीतून बिया आत उतरतात आणि दोन दातेरी शंकूंमध्ये भरडल्या जातात. बारीक-जाड करायला आत एक फिरकी आहे. ती आवळली की फट कमी होते आणि भुकटी बारीक पडते. दोघांच्या कॉफीला वीस ग्रॅम बिया लागतात. मी अनेकदा मोजले आहे : तीन मिनिटांच्या आतबाहेर काम होते.

दुसरीकडे, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरात जाते आहे. आता ते लग्नाच्या हळदीपुरते पुसून घेतात. खुंट्याला आंब्याची पाने आणि हळकुंड बांधतात, सुवासिनी चार फेरे देतात, आणि ते पुन्हा कोपऱ्यात जाते. माझ्या विनंतीवरून आत्याने एकदा त्यावर शेरभर शाळू दळायला घेतला आणि मला समोर बसवले. पहिली सूचना दगडाविषयी नव्हती, मुठीविषयी होती. “वैरण बेताची घाल. मूठ मोठी पडली की भरडा येतो, एवढं ध्यानात ठेव.”

या एका सूचनेत दोन यंत्रांमधला मोठा फरक आहे. कॉफीच्या यंत्रात पिठाचा पोत फिरकी ठरवते. एकदा ती लावली की माझ्या हाताला फक्त जोर द्यायचा असतो, अक्कल यंत्रात असते. जात्यात पीठ बारीक पडायचे की भरड, हे मुख्यतः तोंडात किती दाणा वैरायचा यावर ठरते. दर दोन-चार फेऱ्यांनी डाव्या हाताची बोटे धान्याच्या सुपात जातात आणि नेमका तेवढाच दाणा फिरत्या तोंडात सोडतात. उजवा हात खुंट्यावरून सुटत नाही. दगड थांबत नाही. ‘वैरणे’ असे स्वतंत्र क्रियापद मराठीने या हालचालीसाठी ठेवले आहे.

दुसरा फरक वजनाचा. कॉफीच्या यंत्राचा फिरणारा भाग हलका असतो. बी दातात सापडली की दांडा अडतो, फुटली की सुटतो. अडत-सुटत जाणाऱ्या त्या हालचालीला स्वतःचा वेग टिकवता येत नाही. शिवाय दुसऱ्या हाताने पेटी दाबून धरावी लागते. जात्याची वरची तळी जड असते. तिला गती द्यायला सुरुवातीला कष्ट पडतात, पण एकदा फिरू लागली की तिचे वजनच तिला फिरवत ठेवते. दाण्याचा अडथळा त्या वजनात जिरून जातो. म्हणून जात्याचा फेरा सारखा पडतो.

इथे छंदाचा मुद्दा येतो. लोकगीतातल्या ओवीच्या चरणांत अक्षरांची संख्या ठरलेली नसते, यमक सोडले तर बंधन सैल असते, असे छंदःशास्त्र सांगते. कागदावर ते बरोबरच आहे. पण गाणारीच्या हाताखाली एकसारखा पडणारा फेरा आधीच आहे. कमी अक्षरांचा चरण त्या फेऱ्यांवर ताणता येतो, जास्त अक्षरांचा दाटीने बसवता येतो. मध्ये ‘बाई’, ‘गं’ घालून, अर्धा चरण पुन्हा घेऊन, वैरण घालण्याइतकी जागाही काढता येते. ज्याला आपण ओवीचा सैलपणा म्हणतो, तो शब्दांपुरता आहे. नियम दगडाकडे होता, म्हणून शब्दांना मोकळीक मिळाली. मुसळाच्या ठोक्यालाही हीच गोष्ट लागू पडते. माझ्या कॉफीच्या दांड्यावर ओवी म्हणून पाहिली तर ती चालत नाही. दर दुसऱ्या शब्दाला हात अडतो.

४

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा : प्रमाणाचा. पाच-सहा माणसांच्या घरात भाकरीसाठी रोज दोन किलो पीठ लागते असे धरू. माझ्या वीस ग्रॅमच्या शंभरपट. हे काम पहाटे, पाण्याला आणि शेताला जाण्याआधी उरकायचे. तास-दोन तास अंधारात बसून. आणि रोज, कारण पीठ साठवून चालत नाही. बाजरीचे पीठ थोड्या दिवसांत कडवट होते. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात भाकरी हेच जेवण. तिथे ताजे पीठ ही गरज होती. ताज्या दळलेल्या कॉफीचा वास मलाही आवडतो. दळून ठेवलेल्या भुकटीतून तो लवकर उडतो, म्हणूनच मी बिया आणतो. पण एखाद्या दिवशी कंटाळा आला तर मी दळत नाही आणि घरातले कोणी उपाशी राहत नाही. ताजेपणाचा आग्रह दोन्हीकडे आहे. एकीकडे तो चवीचा आहे, दुसरीकडे पोटाचा.

कॉफी दळताना गाणे का सुचत नाही, याचे उत्तर इथे पुरे होते. तीन मिनिटांच्या कामाला गाण्याची गरजच पडत नाही. ओवी जन्मते ती कामाची लांबी सोसण्यासाठी, झोप उडवण्यासाठी, समोर खुंट्याला हात लावलेल्या जावेशी किंवा नणंदेशी बोलण्यासाठी, आणि जे दिवसाउजेडी बोलता येत नाही ते घरघरीच्या आडोशाला बोलण्यासाठी. जात्याने बायकांना स्वतःची अशी एक वेळ दिली, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि ते मला मान्य आहे. फक्त ही वेळ कोणी बहाल केलेली नव्हती. सक्तीच्या कामात बायकांनी ती कोरून काढली होती. हा भेद विसरला की समीक्षा हळूहळू जात्याचेच गुणगान करू लागते.

५

आता संग्रहांकडे वळू. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, त्यामुळे सुशिक्षित मराठी वाचकाला एक मोठा ठेवा पहिल्यांदा एका जागी दिसला. सरोजिनी बाबर यांचे काम तर याच मातीतले. त्यांचा जन्म १९२०चा, वाळवे तालुक्यातल्या बागणीचा. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून बाबरांनी ‘जा माझ्या माहेरा’, ‘जनलोकांचा सामवेद’ अशी पुस्तके काढली. बायकांची बोली, त्यांचे सण, दागिने, स्वयंपाक, सगळे शब्द त्यांनी जतन केले. त्यांच्याइतका घरातला तपशील इतर कोणी क्वचितच नोंदवला असेल.

पुढे पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने आवाजही मुद्रित झाले. हा संग्रह लाखाहून अधिक ओव्यांचा आहे, हजारावर खेड्यांतला आणि तीन हजारांवर गायिकांचा. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने तो लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. त्यात गाणारीचे नाव आहे, गाव आहे. ‘अनामिक लोकमानस’ या गोड कल्पनेला हा मोठा छेद होता, आणि तो आवश्यक होता.

तरीही मी पाहिलेल्या छापील संग्रहांची मांडणी विषयानुसार आहे. त्यामुळे वाचकाच्या मनात ओवी आशयाच्या कप्प्यात बसते. ही ओवी दळणाच्या सुरुवातीची की शेवटची? एकटीने गायलेली की दोघींनी? धान्य कोणते होते, मऊ गहू की टणक हरभरा? सण-लग्नाचे मोठे दळण होते की रोजचे? या प्रश्नांची उत्तरे पानावरून मिळत नाहीत. संग्राहकांना दोष देण्यात अर्थ नाही. आवाजाचे मुद्रण होऊ लागले तेव्हा पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या होत्या आणि जाती बहुतेक कोपऱ्यात गेली होती. गाणे आठवणीतून येत होते. पण समीक्षकाने तरी पोकळी कुठे आहे हे दाखवायला हवे होते.

पोकळी भरली की वाचन कसे बदलते, याचे एक उदाहरण देतो. विठ्ठल जनाबाईबरोबर दळायला बसला, ही कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते म्हणून एक जाते दाखवतात. समीक्षा या कथेत देवाचे भक्तवात्सल्य वाचते. तसे वाचावेच. पण ज्याने खुंटा धरला आहे, त्याला आधी दुसरी गोष्ट दिसेल. एकटीने जाते ओढणे आणि समोरून दुसरा हात लागणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्धा फेरा तो ओढतो, अर्धा फेरा मी. वैरण घालायला हात मोकळा मिळतो. नामदेवाच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या बाईला समोर बसायला जाऊ नाही, नणंद नाही. खुंट्याला दुसरा हात लावायला कोणी नाही, आणि तिथे देव येतो. मोक्ष, दर्शन, कृपा या मोठ्या शब्दांच्या आधी तिने देवाकडे मागितली ती अर्ध्या फेऱ्याची मदत. भक्ती इथे कमी होत नाही. उलट ती किती नेमकी आहे ते कळते.

६

जाते कोणाच्या श्रमावर चालायचे, यात आणखी एक माणूस आहे आणि तो ओवीच्या चर्चेत जवळजवळ नाहीच. दगड घासून गुळगुळीत झाला की पीठ पडत नाही. मग त्याला टाकी लावावी लागते, छिन्नी-हातोडीने पुन्हा खरबरीत करावा लागतो. हे काम करत गावोगाव हिंडणाऱ्या टकारी समाजाचे नावच या टाकीवरून आले. ज्यांच्या हाताशिवाय गावातले एकही जाते वर्षानुवर्षे चालले नसते, त्यांच्यावर इंग्रजी राज्याने गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला. आजही शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत हे नाव आहे. माझ्या कॉफीच्या यंत्राचे दाते कारखान्यात पाडलेले आहेत, ते कोणी पाडले हे मला ठाऊक नसते. जात्याला टाकी लावणारा माणूस मात्र दारात बसून काम करत होता, आणि तरीही आपल्या लेखनात तो दिसला नाही.

हातयंत्रांचा विचार सांगली जिल्ह्यात करायचा तर किर्लोस्करवाडी टाळता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला. तिथून लोखंडी नांगर निघाले, कडबा कापायची यंत्रे निघाली, उसाचे चरक निघाले. त्याच वाडीतून ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले आणि १९३० पासून ‘स्त्री’. शेतकऱ्याच्या हाताला यंत्र आणि घरातल्या बाईच्या हाताला मासिक, अशी ही जोडी मराठी आधुनिकतेत विलक्षण आहे. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, आधी ऑइल इंजिनावर, मग विजेवर. कोयनेची वीज १९६२ पासून निर्माण होऊ लागली. गिरणीने बाईची पहाट सोडवली. ओवी संपली ती त्यामुळेच, असे हळहळून लिहिले जाते. त्या हळहळीत मी सामील होऊ शकत नाही. दोन तासांचे दळण संपले याचा आनंद आधी, गाणे हरवल्याचे दुःख नंतर. हा क्रम उलटा लावणारी समीक्षा दळणाऱ्या बाईच्या बाजूची नाही. तशी हळहळ आत्याने कधी व्यक्त केल्याचे मी ऐकलेले नाही. गिरणीत डबा पाठवता येऊ लागला तो दिवस मात्र तिला आठवतो.

७

अलीकडे हाताने दळण्याला पुन्हा प्रतिष्ठा आली आहे. हाताने दळलेली कॉफी, जात्यावरचे पीठ, दगडी चक्कीचा मसाला. मीही त्याच ग्राहकांपैकी एक आहे, आणि सकाळची ती तीन मिनिटे मला सोडवत नाहीत. दांड्याखाली बी फुटल्याचे हाताला कळते, पीठ होत आल्याचे आवाजावरून कळते. यातला आनंद खोटा नाही. पण तो निवडीचा आनंद आहे. या अनुभवाच्या भिंगातून जाते पाहिले की पहाटेचा अंधार, दुखणारा खांदा आणि उपाशी लेकरू दिसेनासे होते, उरते ते सुंदर गाणे. लोकसाहित्याची पुष्कळशी रसिक समीक्षा याच भिंगातून लिहिली गेली आहे, मग लेखकाने आयुष्यात कॉफीचे यंत्र पाहिलेले असो वा नसो.

बहिणाबाई चौधरींचा वेगळेपणा इथे उठून दिसतो. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावरची त्यांची कविता शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईने रचलेली आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली तेव्हा वाचकांनी त्यातले तत्त्वज्ञान उचलले. मला त्यात आधी दगड दिसतो, पीठ दिसते, हात दिसतो. तत्त्वज्ञान त्या हाताच्या मागून येते, म्हणून ते पोकळ वाटत नाही.

तेव्हा सूचना एवढीच आहे. ओवीच्या प्रत्येक अभ्यासकाने आशयाच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात : दळण किती होते, कोणत्या धान्याचे होते, खुंट्याला हात किती होते, आणि वेळ कोणती होती. ज्या गायिका आज हयात आहेत, त्यांना हे विचारता येते. सातारा-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांत जात्यावर सलग वर्षे दळलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून ओव्या पुष्कळ लिहून घेतल्या गेल्या. मुठीत वैरण किती घ्यायची, हे त्यांच्या बोटांना अजून ठाऊक आहे. ते लिहून घ्यायचे राहिले आहे.